फॅमिली सेक्शन

दारातला लहू
माझ्यामागून कुणी येतंय का पाहतो.
कुणी येत नाही.
"फॅमिली वर," म्हणतो.
"एकटीच आहे मी."
"हां. मग फॅमिलीच."

म्हणजे रास्ता पेठेतल्या या परमिट रूममध्ये
खाली बसलेले चाळीस पुरुष,
त्यांतले साडू, सख्खे भाऊ, बाप-लेक धरून,
फॅमिली नाहीत.
आणि मी, एकटी, खांद्याला लॅबची बॅग,
फॅमिली आहे.
सात वर्षांपूर्वी कोर्टानं
नेमकं उलटं लिहून दिलं होतं.

जिना अरुंद.
ताट घेऊन येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं,
आपण भिंतीला चिकटायचं.

वर सहा टेबलं. एसी गळतो,
त्याच्याखाली आइस्क्रीमचा रिकामा डबा.
टप्प झालं की
काचेच्या टाकीतला एकुलता मासा दचकतो,
निदान दुसऱ्या रमनंतर
मला तसं दिसतं.
दिवसभर लोकांचं रक्त काढते मी,
मूठ आवळा, सोडा, मूठ आवळा, सोडा.
इथं सोडा म्हणजे सोडा.

मेनूकार्डावर किमतींवर चिकटपट्ट्या,
पट्टीवर पट्टी.
सुरमईची एकदा नखानं सोलून पाहिली:
तीनशे वीस, खाली दोनशे चाळीस,
खाली एकशे दहा, त्याच्याखाली
कागदच फाटला.
सुरमई संपलेली असते. कायमच.
"बोंबील घ्या," लहू म्हणतो,
"तुम्हाला बोंबीलच आवडतात."
हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.
चारदाच तर आलेय.

बोंबील येतात. वरून रवा कुरकुरीत,
आत जीभ लागेपर्यंतच काय ते मासे.
लिंबाची फोड मात्र
आधी कुणीतरी पिळून घेतलेली.
सांगितलं. दुसरी आली, रसरशीत.
पापड गार होता, तेही सांगितलं.
"पापड गारच असतो," म्हणाला
आणि गरम घेऊन आला.

कोपऱ्यात ते दोघं, सत्तरीचे.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
पोरगेल्या वेटरनं बिअर त्यांच्यापुढे ठेवलेली
आणि ताक बाईंपुढे.
तो वळताच दोघांनी
बोलणं न थांबवता ग्लास बदलले.
आज लहू आहे.
बिअर थेट बाईंपुढे, फेस बेताचा.

माझ्या पलीकडे एकजण,
खिशातून हॉस्पिटलचा पास डोकावतोय.
प्यायला नाही आलेला. डाळखिचडी.
फोन उलटा ठेवतो, सुलटा करतो,
घास घेतो, फोन उलटा ठेवतो.
वाजतो तेव्हा तो आधीच उभा असतो.
लहू खिचडी पिशवीत बांधून
जिन्यापर्यंत धावत जातो.
"पैसे..."
"उद्या हो, उद्या."
खालून एकदम आरडाओरडा.
विकेट पडली असेल
किंवा टीव्ही बंद पडला असेल,
वरून फरक कळत नाही.
मी जरा वेळ माशाकडे बघते.

बिल येतं. लहूचं अक्षर तिरकं:
टेबल फॅ-४. बोंबील एक. सोडा दोन.
पापड दोन.
"गार पापडाचेही पैसे?"
"खाल्लात की तुम्ही."
खाल्ला होता. तरी वाद घालते,
आवाज न चढवता, मुद्देसूद,
बऱ्याच दिवसांनी कुणाशीतरी.
तो एक पापड खोडतो, खोडता खोडता म्हणतो,
"शुक्रवारी या. सुरमई बाजूला ठेवतो."
ठेवणार नाही. त्यालाही माहीत आहे.
शुक्रवारी माझी सकाळची ड्यूटी, पाचलाच सुटेन.

उतरताना अर्ध्या जिन्यात
पोरगं ताट घेऊन वर येतं, वाफाळलेलं.
मी भिंतीला चिकटते,
मूठ आवळून,
मुठीत बडीशेप.